पाचोळ्याखालचं शेत

समोरच्या टेकाडावर गळ्यात कॅमेरा अडकवलेला पोरगा दिसला आणि धाकलीच्या मनात पाल चुकचुकली. पोशेऱ्याचा चढ कुणी उगाच चढत नाही. आज फोटो, उद्या मोजणी, परवा नोटीस, हे तिनं ऐकलेलं होतं. उतारावरच्या या तुकड्यात तिच्या सासऱ्यापासून नाचणी पिकत होती, पण कागद अजून हातात नव्हता. वनहक्काचा दावा मोखाड्यात पडून होता.

त्यात कालच तिनं राब भाजला होता. नाचणीच्या रोपांसाठी फांद्या, गवत, शेण अंथरून जाळलेली जमीन काळीभोर दिसत होती. फांद्या तोडल्या म्हणून गेल्या वर्षी जंगलखात्याचा गार्ड ओरडून गेला होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. धाकलीनं पाट्या भरभरून ऐनाचा वाळका पाला आणला आणि सगळी राख झाकून टाकली.

पोरगा जवळ आला तसं तिनं विचारलं, "काय काढतोस रं?"

"डोंगर काढतोय, मावशी. मी हर्षल, जव्हारचा. छंद आहे मला."

छंद म्हणे! या उन्हात रापायचा छंद कुणाला असतो? तिनं त्याला पाणी दिलं, तहानलेल्याला द्यायचंच असतं म्हणून. पण तो नजरेआड होईपर्यंत ती जागची हलली नाही.

पंधरा दिवसांनी तोच पोरगा मोठा फोटो घेऊन दारात हजर. जव्हारच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं होतं. धाकलीचा नवरा सोम्या हरखून गेला. "दाव्याला लावू हा. जमीन कसतो त्याचा पुरावा मागतात ना!"

धाकलीनं फोटो उजेडात धरला. ऐनाची झाडं होती, वरचा कडा होता, पालाच पाला होता. सासऱ्यानं रचलेला बांधसुद्धा त्यात बुडाला होता. शेत कुठंच नव्हतं.

"खाली काय लिवलंय?"

"माणसाचा हात न लागलेलं रान," हर्षलनं कौतुकानं वाचलं.

धाकलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या कुणी शेत पुसलं असतं तर चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. हे तिनं आपल्याच हातांनी केलं होतं. आणि पाणी पाजणारी बाई समोर उभी असूनही या डोळसाला रानात माणूस दिसला नव्हता, त्याचाही तिला संताप आला.

"चल," ती म्हणाली आणि त्याला उतारावर घेऊन गेली. तिनं दोन्ही हातांनी पाला लोटला. खालून काळी राख वर आली, मग बांधाचे दगड.

"अगं, फांद्यांची थुटं पन दिसतील," सोम्या घाबरला. "गार्ड दंड करंल."

"करू दे. दंड शेताला करतात, रानाला नाय."

हर्षलनं कॅमेरा डोळ्याला लावला. या पोरावर धाकलीचा अजूनही काडीचा विश्वास नव्हता.

"थांब," ती म्हणाली आणि पदर खोचून राखेच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "मला पन घे. नायतर खाली लिवशील, वणवा लागला व्हता."