अर्धवट लेणं

“पप्पा, शिट्टी बंद करा. बंद करा ना.”

भागू पायऱ्यांवरच बसली. कानांवर हेडफोन होता, त्यावरून दोन्ही हात घट्ट दाबलेले, तरी शिट्टी आत शिरतच होती. अजिंठ्याला त्या दिवशी कुठल्याशा शाळेची सहल आली होती. ओळ मोडली की त्यांचे सर शिट्टी फुंकत आणि तो आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत येई.

बन्सी लेकीशेजारी उकिडवा बसला. तो एसटीत कंडक्टर होता. ‘सरका पुढं, सरका’ म्हणून ओरडण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. गोंगाट त्याला आता जाणवतही नसे. पंधरा वर्षांच्या भागूचं नेमकं उलटं होतं. तिला ऑटिझम आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आवाज, उजेड, वास, अंगाला घासून जाणारी माणसं, सगळं तिच्यात एकदम शिरतं आणि ते सोसता सोसता ती थकून जाते. शाळेतून पडेगावच्या घरी आली की ती दप्तरासकट पलंगाखालच्या अंधारात जाऊन पडायची. हाक मारली तरी तोंडातून शब्द निघत नसे. तिची आई द्वारकाबाई ताट हळूच आत सरकवायची आणि बाजूला व्हायची.

इतिहासाच्या पुस्तकातलं, हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र खरंखुरं बघायचंय, असं भागू स्वतः म्हणाली होती. ती कधी काही मागत नसे, म्हणून बन्सीनं रजा टाकली. द्वारकाबाई आईच्या आजारपणात पाचोडला गेलेली. जाताना तिनं बजावलं होतं, “ती अशी बसली तर काही इचारू नका. हात लावू नका. नुसतं जवळ बसा.”

पण गर्दी जमायला वेळ लागला नाही.

“काय झालं वो पोरीला?”

“भोवळ आली जणू. पाणी मारा तोंडावर.”

एकानं मोबाइल वर धरला. बन्सीच्या घशाशी त्याची नेहमीची गर्जना आली. ती त्यानं गिळली. खांद्यावरचा पंचा काढून त्यानं भागूच्या डोक्यावर अलगद घातला, तो तिच्या आणि लोकांच्या मधे उभा राहिला आणि दोन्ही हात जोडले. लोक क्षणभर घुटमळले. मग मोबाइलवाला ओशाळला, बाकीचेही पांगले.

बऱ्याच वेळानं भागू उठली. उन्हानं नाही, आतूनच तिचा चेहरा उतरला होता. बन्सीनं परतीच्या वाटेकडं बोट केलं. तिनं मान हलवली आणि उलट दिशेला, जिकडं माणसं विरळ होत होती, तिकडं चालायला लागली. चार पावलं चालायची, कठडा धरून थांबायची. उचलून घ्यावं असं बन्सीला वाटत होतं. पण हात न लावता तो तिच्या आणि गर्दीच्या मधून चालत राहिला.

एका लेण्यात कुणीच नव्हतं. आत ना चित्र, ना मूर्ती. खांब अर्धेच कोरलेले, भुई ओबडधोबड. भागू आत शिरली, हेडफोन काढला आणि थंडगार दगडावर गाल टेकून आडवी झाली.

बन्सी दाराशी बसून राहिला. मग तोही तिच्यापासून हातभर अंतरावर पाठ टेकून पडला. आधी त्याला काहीच ऐकू आलं नाही. हळूहळू कुठंतरी पाणी ठिबकताना ऐकू आलं, वर वटवाघळाची फडफड, स्वतःचा श्वास.

“हे सगळं मला येतं ऐकू,” भागू एकदम म्हणाली. “पण हे हळू आहे. वर्गात सगळं जोरात असतं. पंखा, बाकं, पोरं, बाहेरच्या गाड्या. त्यातून बाईंचा आवाज शोधून काढायचा. सुटला की परत शोधायचा.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

“आन् तरी जाती तू?”

“मला भूगोल आवडतो.”

समोर डोंगराच्या पोटात खोदलेला तो प्रचंड काळोख होता, आणि त्यात त्याची किडकिडीत लेक निवांत पडली होती. एवढं ओझं उचलायला ही रोज सकाळी वेणी घालून निघते, आणि आपण तिला दुबळी समजत होतो.

बुटांचा आवाज आला. राखणदार होता, सांडू. अजिंठा गावातलाच, पिकल्या मिशांचा. दोघांना पाहून तो थबकला.

“बरं नाय का लेकीला?”

“बरी हाय. दमलीय.”

“चित्रं तिकडं हायेत, भाऊ. हे अर्धंच राहिलं. कोरता कोरता सोडून दिलं त्यांनी.”

भागूनं दगडावरच्या छिन्नीच्या खुणांवरून बोट फिरवलं. “तेही दमले असतील,” ती म्हणाली.

“जायचं का चित्र बघाया?” बन्सीनं विचारलं.

“आज नको. आज माझ्यात काही उरलं नाही.”

“मग नको.”

तिनं डोळे मिटले. सांडूनं वाकून बूट काढले, हातात घेतले, तो अनवाणी बाहेर गेला आणि दाराच्या मधोमध फतकल मारून बसला. वाटेनं कुणी येताना दिसलं की तो ओठांवर बोट ठेवी.