धुतलेलं बी

खाजा मिया बाभळीचं बी तिसऱ्यांदा धूत होता. नमाजाआधी वजू करावी तसं निगुतीनं, तांब्याची बारीक धार धरून. शेळ्यामेंढ्या राखणारा ज्ञानबा शेजारी बसून बघत होता आणि हसू मिशीत दाबत होता.

हसण्यासारखं होतंच. खाजा मिया निजामाच्या जंगलखात्याच्या रोपवाटिकेवरचा राखणदार. दर उन्हाळ्यात ज्ञानबाच्या शेळ्या बसतात त्या वाडग्यातून तोच बी गोळा करायचा. शेंगा खाल्ल्या की रवंथ करताना शेळ्या बी थुंकतात, काही लेंडीतून पडतं. पोटातून फिरून आलं की टणक साल मऊ होते आणि बी भराभर उगवतं. झाडावरून काढलेलं चोख बी मात्र मातीत घरजावयासारखं वर्षानुवर्षं लोळत पडतं. म्हणून खात्याचा कायदा सरळ होता : शेळीच्या तोंडी रोप गेलं तर शेळी कोंडवाड्यात, शेळीच्या तोंडून बी आलं तर ते सरकारी.

हे सगळं खाजा मियाला पाठ होतं. पण हे बी हलीमाच्या कबरीसाठी होतं, म्हणून त्यानं ते झाडावरूनच काढलं होतं.

हलीमा, त्याची बायको, तापानं गेली. जाताना म्हणाली, "तुमच्या संगतीत जल्म उन्हात गेला. आता तरी माझ्यावर जरा सावली करा." सरकारसाठी हजार बाभळी उभ्या केलेल्या माणसाला एक झाड काय जड? पण दोन पावसाळे कबर उघडीच राहिली.

"मिया, काहून हट्ट करून राहिले? वाडग्यातलं मूठभर न्या की," ज्ञानबा म्हणाला.

"सरकारला उष्टं चालतं, ज्ञानबा. तिला न्हाई."

तिसऱ्या पावसाळ्यातही काही उगवलं नाही. खाजा मिया कबरीवर वाकून मातीशी पुटपुटत बसायचा. शेजारच्या भिकाबाईनं गावात सांगितलं, की मिया बायकोशी भांडून राहिला. तिचं फारसं चुकलं नव्हतं.

हलीमाची एक तांबडी शेळी होती. हलीमा गेल्यावर खाजा मियाला मालक मानायचं तिनं साफ नाकारलं. उन्हाळाभर ती शेंगा खायची आणि कबरीवर जाऊन रवंथ करत बसायची. तो हाकलायचा, ती परत यायची. चौथ्या वर्षी आषाढात कबरीवर पाच रोपं वर आली.

खाजा मियानं वाकून पानं चाचपली. तीन वर्षं त्यानं जे तिथं पडू दिलं नव्हतं, ते शेळीनं न विचारता पेरलं होतं. माफ कर, तो कबरीला म्हणाला, मला वाटलं तुला चालायचं नाही.

आठवडाभरात त्याच शेळीनं चार रोपं खाल्ली.

त्यानं बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. शेळीला कुंपणांचा अनुभव खात्यापेक्षा दांडगा होता. बांधून ठेवली, तर चाऱ्याला शिवेना. हलीमा जिथं उभी राहून तिला बोलवायची, त्या उंबऱ्याकडे तोंड करून ओरडत राही. घरात हलीमाला हाक मारणारं तेवढंच उरलं होतं. खाजा मियाच्या तोंडून अजून ते नाव निघत नव्हतं.

शेवटी तो शेळी घेऊन ज्ञानबाकडे गेला. कळप लांब डोंगरात चाललाच होता.

"कापू नको हिला. आन माघारी बी आणू नको."

"बराबर."

"वरडली तर वरडू दे. मारू नको. कुणाला तरी बोलवून राहिली असंल."

शेळी चार पावलं गेली आणि दुसरीच्या तोंडातला पाला ओढून खाऊ लागली. वळून तिनं पाहिलंही नाही. खाजा मियाला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी उतरत्या दुपारी तो कबरस्तानात गेला. उरलेलं एक रोप वीतभरही नव्हतं. ऊन मात्र कडक पडलं होतं. तो उभा होता तिथून त्याची सावली पुढं कबरीवर पडली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. तो तसाच थांबला, हलेना.

पण बाभळीचं रोप सावलीत वाढत नाही. तो बाजूला सरकला आणि उन्हात बसला.