शोकाची मुदत

मानसशास्त्रज्ञांच्या त्या संघटनेत एकेचाळीस विभाग होते आणि चिटणीसबाईंना एकेचाळीसच्या एकेचाळीस तोंडपाठ होते. त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. गेली एकतीस वर्षं प्रत्येक विभागाची घटना, अध्यक्षांची निवड आणि दारावरच्या पाटीचा मजकूर त्यांच्याच हातून टाइप होऊन बाहेर पडला होता.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा विभाग होते तीन. मुलांचा, मोठ्यांचा आणि उरलेल्यांचा. तिन्ही अध्यक्ष एकाच टेबलाशी चहाला बसायचे, आणि दारात कोणी रडत आलं की ज्याचा कप आधी रिकामा होईल तो उठायचा. पुढे मुलांचे अध्यक्ष म्हणाले, मूल म्हणजे चौदा वर्षांपर्यंत. मोठ्यांचे म्हणाले, मोठा माणूस अठरापासून. मधल्या चार वर्षांची पोरं कोणाची, यावरून दोघांनी दोन वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. शेवटी त्या चार वर्षांचाच एक विभाग काढला, आणि तेव्हा या शहाण्यांना साक्षात्कार झाला की भांडण मिटवायला विभागासारखं औषध नाही. दोन माणसांचं पटेना, की काढ विभाग. दोघेही अध्यक्ष, दोघेही खूश.

मग काय, पाऊस पडल्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तसे विभाग उगवले. शंभर सह्या आणल्या की झालं. झोपेचा निघाला, त्यातून स्वप्नांचा फुटला. खेळाडूंचा, वैमानिकांचा, रांगेत उभं राहणाऱ्यांचा निघाला. विभागांच्या आपसातल्या संबंधांचा अभ्यास करणारा विभाग निघाला, त्या दिवशी बाईंनी पाटीवाल्या पेंटरला सांगितलं, की बाबा, तू आता इथंच राहायला ये. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे कलम अकरा: ज्या विषयाला विभाग आहे, त्यात दुसऱ्या विभागाने हात घालायचा नाही. तळमजल्यावरची पूर्वीची भेटीची खोली आता जुन्या अहवालांनी छतापर्यंत भरली होती. तिथे माणूस शेवटचा कधी आला होता, हे बाईंनाही आठवत नसे.

एवढ्या वर्षांत बाईंनी या लोकांकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. या वर्षी मागावं लागलं.

त्यांची धाकटी बहीण गेली आणि तिची एकोणीस वर्षांची मुलगी बाईंकडे राहायला आली. आली ती भिंतीकडे तोंड करून निजली. कॉलेज सुटलं, मैत्रिणींचे फोन वाजून वाजून बंद पडले. ताट समोर ठेवलं तर दोन घास खायची आणि मावशीला वाईट वाटू नये म्हणून तिसरा चिवडत बसायची. केस विंचरायला दोन दोन दिवस आठवण करावी लागे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की शरीर ठणठणीत आहे, हिला एखाद्या मानसशास्त्रज्ञाला दाखवा. तुम्ही तर त्यांच्यातच असता, असंही म्हणाले. बाईंना हसावं की रडावं कळेना.

बाई शोक विभागाच्या अध्यक्षांकडे गेल्या. विभागावरून माणसाला हाक मारायची त्यांची जुनी सवय होती, म्हणून मनातल्या मनात हे शोकवाले. पांढरे केस, लोण्यासारखा आवाज. त्यांनी सगळं मान हलवत ऐकलं आणि रीतसर अर्ज करायला सांगितलं. बहिणीला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. त्यात विभागाची निवडणूक आली आणि उत्तराला पाच आठवडे लागले. उत्तर एका ओळीचं होतं: शोक सहा महिन्यांपर्यंत आमच्याकडे, त्यानंतर ती उदासी, कृपया दुसऱ्या मजल्यावर संपर्क साधावा.

बाई जिना चढल्या. उदासीवाल्या मॅडमनी विचारलं, जेवते का? नीट जेवत नाही म्हटल्यावर त्यांनी चौकशी तिथेच थांबवून जेवणवाल्यांचं दार दाखवलं. जेवणवाल्यांनी विचारलं, जाड व्हायची भीती वाटते का? तिला कसलीच भीती वाटत नाही, नुसती झोपून असते, असं बाई म्हणाल्या, तर त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी झोपवाल्यांना फोन लावला. झोपवाल्यांकडे झोप न येणाऱ्यांची सोय होती. जास्त झोपणाऱ्यांच्या उपविभागाचा प्रस्ताव विचाराधीन होता. मधल्या चार वर्षांच्या पोरांचा विभाग अठराव्या वाढदिवसाला हात झटकून मोकळा व्हायचा, आणि मोठ्यांचा विभाग कलम अकरावर बोट ठेवायचा. एकालाही असं वाटलं नाही की उठावं, चपला घालाव्यात आणि त्या पोरीला बघून यावं. दोन गल्ल्या पलीकडे तर घर होतं.

पंधरा दिवसांनी बाई पुन्हा शोकवाल्यांसमोर उभ्या राहिल्या. या वेळी अर्ज न घेता.

"सर, ही सहा महिन्यांची अट जरा बाजूला ठेवा ना."

"बाई, ती अट नाही, शास्त्र आहे," शोकवाले समजुतीच्या सुरात म्हणाले. "बारा वर्षांचं संशोधन उभं आहे त्या मर्यादेवर. माझी स्वतःची तीन पुस्तकं आहेत."

"ते सहा मी लिहिले होते."

आणि बाईंनी त्यांना शोक विभाग निघाला तेव्हाची, बारा वर्षांपूर्वीची ती बैठक सांगितली. अर्धे सभासद तीन महिने म्हणत होते, बाकीचे बारा महिने म्हणत होते. चार तास ओरडाआरडा झाला, दोघांनी फायली आपटल्या आणि काहीही न ठरवता सगळे तरातरा निघून गेले. घटनेच्या मसुद्यात मुदतीची जागा कोरी राहिली. कोरी जागा असली की कागद नोंदणीला जात नसे, आणि बाईंना तर संध्याकाळी बहिणीकडे पोचायचं होतं, कारण भाचीचा सातवा वाढदिवस होता. त्यांनी तीन आणि बारा यांच्या मधला बरा दिसणारा आकडा घातला आणि पर्स उचलली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या. तेव्हा त्यांना गंमत वाटली होती. आता तोच आकडा त्या पोरीच्या आड येऊन बसला होता, आणि बाईंना स्वतःच्या हाताची चीड येत होती.

शोकवाल्यांनी टेबलावरची आपली पुस्तकं एकावर एक नीट रचली. मग म्हणाले, की हे बाहेर कुठे बोलू नका. आणि एकाएकी त्यांना हुरूप चढला. तुमच्या भाचीसारखी दोन विभागांच्या मध्ये सापडलेली माणसं किती असतील, त्यांच्यासाठी वेगळा विभागच का काढू नये?

सोमवारी सभा बोलावली. ज्यांनी ज्यांनी बाईंना दार दाखवलं होतं त्या सगळ्यांनी दुपारपर्यंत आपापल्या विभागातून शंभर सह्या आनंदाने जमवून दिल्या. नाव 'मध्यवर्ती' ठेवायचं की 'सीमावर्ती' यावर तासभर खल झाला. या विषयाला तोंड फोडल्याबद्दल बाईंचे टाळ्या वाजवून आभारही मानले. पोरगी आज जेवली का, हे एकानेही विचारलं नाही. बेचाळिसावा विभाग एकमताने मंजूर झाला आणि मंडळी चहाकडे वळली.

बाईंनी इतिवृत्त टाइप केलं. ठराव पहिला, नवा विभाग. ठराव दुसरा: शोक विभागाच्या अध्यक्षांनी येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता चिटणीसबाईंच्या घरी जाऊन त्यांच्या भाचीला भेटावे. एकमताने मंजूर. मग कागद टेबलाभोवती फिरवला. बशी एका हातात, पेन दुसऱ्या हातात, सगळ्यांनी सह्या ठोकल्या.

बुधवारी शोकवाले आपली प्रत घेऊन खाली आले. आवाजातलं लोणी जरा घट्ट झालं होतं.

"हे कधी ठरलं?"

"खाली तुमची सही आहे, सर."

न वाचता सही केली असं म्हणायची त्यांना सोय नव्हती. तसं म्हटलं असतं तर सहा महिने, बारा वर्षं आणि तीन पुस्तकं, सगळंच उघड्यावर आलं असतं. त्यांनी प्रत घडी करून खिशात घातली आणि पत्ता विचारला.

गुरुवारी ते आले ते एकशेवीस प्रश्नांची प्रश्नावली घेऊन. बाईंनी पलंगाशेजारी खुर्ची ठेवली आणि स्वतः दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. आता बघूच, असं त्यांच्या मनात होतं. या माणसाची फजिती बघायची त्यांना अगदी भूक लागली होती, खोटं कशाला बोला.

शोकवाल्यांनी पहिला प्रश्न वाचला. पोरगी भिंतीकडेच तोंड करून होती. त्यांनी दुसरा वाचला, मग चौथा. पानं पुढे उलटली, मागे उलटली. घसा खाकरला. अर्धा तास असा गेल्यावर त्यांनी कागद खाली ठेवले.

"मला आता येत नाही हे," ते म्हणाले, आणि त्या आवाजात लोणी अजिबात नव्हतं. "सतरा वर्षं झाली. विभाग सांभाळले, पुस्तकं लिहिली. कोणाच्या समोर असा बसलो नाही. काय बोलायचं तेच मला समजत नाहीये."

बाईंच्या जिभेवर एक झणझणीत वाक्य तयार होतं. पण तेवढ्यात पलंग करकरला. भाची कुशीवर वळली होती आणि त्या म्हाताऱ्याकडे बघत होती. मांडीवर त्यांचे हात नुसते रिकामे पडले होते. तिने ते हात पाहिले, मग चेहरा पाहिला.

"पाणी हवंय का तुम्हाला?" तिने विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान डोलावली. बाई पुढे होणार तोच पोरगी पाय खाली सोडून उठली, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली, आणि आत पेला विसळल्याचा आवाज आला. बाई दारातून हलल्याच नाहीत. ते वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

पुढच्या गुरुवारी अकराला पाच मिनिटं असताना बेल वाजली. शोकवाले दारात उभे होते, या वेळी रिकाम्या हाताने. ठराव फक्त एकाच गुरुवारचा होता.