पदरात घेतलेलं झबलं

“तानुबाई, एक झबलं द्या. वापरलेलं,” जयमालावहिनी दारातूनच म्हणाल्या.

मी ताडकन उठले. धामणगाव बढ्यातली सगळ्यात मोठी बागायत यांची. माझी आई, तानुबाई, त्यांच्याच शेतात तण निंदायला जायची. गावात फॅशन आधी त्यांच्या लेकीच्या, निशिगंधाच्या अंगावर यायची, फुग्याच्या बाह्या काय, टिकल्यांची जीन्स काय, आणि दोन वर्षांनी विटकी होऊन माझ्या अंगावर. एकदा तिचा झालरीचा फ्रॉक घालून मी शाळेत गेले, तर बया भर वर्गात म्हणाली, “हा माझा हाय. आईनं हिले देला.” मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्या दिवसापासून आईनं त्यांच्या घरची चिंधीसुद्धा आणली नाही. स्वतःच्या साड्या फाडून ती माझे कपडे हातानं शिवायला लागली.

त्याच निशिगंधाला, दोन गर्भ पडल्यावर, काल मुलगा झाला होता. पुण्याहून खोकाभर कपडे आले होते, सगळे पांढुरके; हल्ली श्रीमंतांना रंगाचं वावडंच झालंय. पण आमच्याकडे तान्ह्याच्या अंगावर पहिलं वस्त्र पडतं ते धडधाकट लेकराचं, मागून आणलेलं. आणि माझा लेक प्रज्वल म्हणजे नुसता गोटा.

“देऊ नको, आई,” मी म्हणाले.

“चूप वं! त्या लेकरानं काय केलं तुह्यं?”

आईनं पेटीतून प्रज्वलचं पिवळं झबलं काढलं. तिच्याच साडीचं, तिनंच शिवलेलं. वहिनींनी एक हात पुढे केला, दुसऱ्या हातातली पिशवी आईसमोर धरली. “हे नातवाले. नवे कपडे हायेत.”

“ते वापस न्या, वहिनी. मागून नेलेल्याचा बदला देत नसतात. अन् असं हातात बी घेत नाईत.”

वहिनी घुटमळल्या. समोरच्या ओट्यावर पाखडत बसलेल्या सोजराबाईचं सूप थांबलं होतं. मग वहिनींनी पिशवी खाली ठेवली आणि आमच्या उंबऱ्याशी दोन्ही हातांनी पदर पसरला. त्यांचे डोळे भरले होते.

“खेळू द्या, वाढू द्या,” म्हणत आईनं झबलं पदरात घातलं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा दिवाळीसारखा आनंद झाला.

आमच्या बोळीत गाडी शिरत नाही. वहिनी पिशवी काखेत मारून, पदर तसाच धरून चौकापर्यंत चालत गेल्या. वाटेतल्या बाया बाजूला होत होत्या.

आई दारात उभी राहून बघत होती.

“झबलं लय झकास शिवलं होतं वं म्या,” ती म्हणाली.