एकशे बहात्तरऐवजी

दवाखान्याच्या औषधखिडकीमागे लेबलं छापायचं काम ताईंकडे होतं. सगळे त्यांना ताईच म्हणत, वयाने मोठे असलेले औषधवाले काकासुद्धा. तिथला कॉम्प्युटर जुनापुराणा, पण लेबलांचा प्रिंटर दुसऱ्या कुठल्याच मशीनला दाद देत नसे, म्हणून तो कॉम्प्युटर टिकून होता. अर्ध्या-पावाची चिन्हं त्याच्या बटणांवर नव्हती. ऑल्ट दाबून ठेवून उजवीकडच्या आकड्यांवर १७१ मारलं की ½ उमटे, १७२ मारलं की ¼. ताईंची बोटं हे डोळे मिटूनही करत.

बुधवारी दुपारी ताई सोमवारच्या चिठ्ठ्या लेबलांच्या नकलेशी ताडून फायलीत लावत होत्या. एका चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘पाव’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. नकलेवर ½ होतं.

ताईंनी दोन्ही कागद काकांपुढे धरले.

काकांनी चष्मा वर केला, परत खाली घेतला. “हृदयाची गोळी आहे ही. रोज सकाळी एकदा. म्हणजे दोन वेळा गेली पोटात.”

“कोण आहेत या?”

“मास्तरीणबाई. पलीकडच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. मूठभर जीव आहे हो त्यांचा.”

फोन लावला तर बंद. “मी लावत राहतो,” काका म्हणाले, “तुम्ही निघा.”

ताई निघाल्या त्या जवळजवळ पळतच. वाटेत त्यांना स्वतःचं बोट दिसत होतं, दोनाच्या जागी एकावर टेकलेलं. बोटभर अंतरसुद्धा नाही. कठड्याला धरून त्या जिना चढल्या. आतून रडण्याचा आवाज येतोय का, म्हणून त्या दाराशी क्षणभर कान देऊन उभ्या राहिल्या. मग बेल दाबली.

सुनेने दार उघडलं. “हळू बोला हं. आईंचा आत्ताच डोळा लागलाय. कालपासून मळमळतंय त्यांना, म्हणून मी फोनही बंद ठेवलाय.”

“त्यांना उठवा,” ताई म्हणाल्या. “आत्ता उठवा.”

दोघींनी हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला मास्तरीणबाईंनी डोळे उघडले आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, “रंग कधी दिला गं? पिवळा का दिला?”

भिंत पांढरीच होती. सुनेचा चेहरा उतरला.

दवाखान्याकडे निघालेल्या गाडीत म्हातारीचं डोकं सुनेच्या मांडीवर होतं. ताईंनी तेव्हाच सांगून टाकलं, “लेबल मी छापलं. चूक माझी आहे.” सुनेने सासूचा हात आणखी घट्ट धरला.

डॉक्टरांनी नाडी बघितली, यंत्र लावलं आणि दार लोटून घेतलं. नाडी फार मंद होती; पिवळं दिसणं हेही गोळी जास्त झाल्याचंच लक्षण होतं. ताई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. आत पावलं वाजली की त्यांचा जीव टांगणीला लागे. काका पाण्याची बाटली घेऊन आले. ती त्यांच्या हातात तशीच राहिली.

संध्याकाळी नाडी ताळ्यावर आली. दोन दिवस ठेवून घेऊ, पण धोका टळला, असं डॉक्टर म्हणाले. सुनेने ताईंना आत बोलावलं.

“कितीने चुकलं?” मास्तरीणबाईंनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

“एका आकड्याने.”

“मी गणित शिकवायचे. एका आकड्यासाठी नापास केलंय मी पोरांना.” त्या थांबल्या, दम घेतला. “आणि पुन्हा परीक्षेलाही बसवलंय.”

ताईंना तेव्हा रडू फुटलं. सुनेने त्यांच्याकडे पाहिलं, पण जवळ आली नाही. तेही बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी ताई मशीनपुढे बसल्या. ऑल्ट दाबलं आणि बोट पुढे जाईना. त्यांनी काकांना शेजारी उभं केलं. त्या छापत, काका चिठ्ठी मोठ्याने वाचत, मगच लेबल खिडकीबाहेर जाई. रांग दारापर्यंत गेली. कोणीतरी कुरकुरलं, “आज काय मुहूर्त बघून देताय का?”

ताईंनी लेबल उजेडात धरलं आणि पुन्हा वाचलं.