सेलच्या जन्मापासून चुऱ्यापर्यंत

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘खोडरबर’ म्हणत, आणि तेही तोंडावर. कुणी मोठ्या हौसेने नवं काहीतरी घेऊन यावं आणि हिने विचारावं, “हे बनवायला वीज किती खाल्ली? सांडपाणी कुठे गेलं? मोडल्यावर टाकणार कुठे?” निम्म्या जणांचा उत्साह तिथेच पुसला जाई. पण तिचं कामच ते होतं. एखादी वस्तू खाणीतल्या मातीपासून भंगारात जाईपर्यंत जगाकडून काय घेते आणि जगाला काय देते, याचा ताळा मांडायचा. घरी मात्र ती ताई होती, आणि धाकट्या बहिणीचा तिच्यावर भारी जीव.

धाकटी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर सौरऊर्जेचे सेल बनवायची. तांबं, जस्त, कथील आणि गंधक यांचे कण, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. त्या कणांची शाई करायची, काचेवर पसरायची, भाजायची, की झाला सेल. दुर्मिळ धातू नको, काही नको. त्या वर्षी तिच्या सेलने उन्हातून वीज काढण्याचा प्रयोगशाळेचा उच्चांक मोडला. प्रमुखांनी तिचा फोटो दर्शनी भिंतीवर लावला. पॅनेलच्या एका कारखान्याच्या मालकीणबाईंना सेल बघायला बोलवायचं ठरलं, आणि त्या येण्याआधी सेलचा ताळा हवा म्हणून काम ताईकडे आलं.

ताईने आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. उत्तर तेच. बहिणीला आधी घरी सांगावं की काय, असं तिला वाटलं. पण मग आकडे बदलायचा मोह होईल, म्हणून ती सरळ प्रयोगशाळेच्या बैठकीत उभी राहिली.

“हा सेल बनवायला जेवढी ऊर्जा लागते,” ती म्हणाली, “तेवढी तो जन्मभर उन्हात बसूनही परत देणार नाही.”

धाकटी उठली. “तू माझी बहीण आहेस की वैरीण?” एवढंच बोलून ती बाहेर गेली.

घरात अबोला सुरू झाला. एका टेबलावर जेवताना आईच्या मार्फत निरोप चालत. “आई, मीठ द्यायला सांग तिला.” “आई, मीठ तिच्याच पुढ्यात आहे म्हणावं.” शेवटी आई वैतागली. “ऊन फुकट मिळतं ना तुम्हाला? मग हे भांडण कशाला विकत घेतलंत?”

धाकटीला हसू आलं, पण तिने ते घासाबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताईच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. राग नाकावर होताच. “दाखव. कुठे खातो माझा सेल एवढी ऊर्जा? भट्टीत?”

ताईने पडदा तिच्याकडे वळवला. “भट्टी बिचारी गरीब आहे गं. ही बघ, धुलाई.”

कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून धाकटी त्यांना तेलकट वेष्टण घालायची. मग ते वेष्टण काढायला उग्र वासाच्या द्रावकाने पुन्हा पुन्हा धुवायची. चिमूटभर कणांसाठी पिंपभर द्रावक. तो बनवण्यात ऊर्जा, वापरलेला जाळण्यात ऊर्जा, वर धूर वेगळा. पडद्यावरच्या आलेखात त्या एका पायरीचा खांब ताडासारखा उभा होता आणि बाकीचे सगळे त्याच्या पायाशी गवतासारखे.

धाकटीने त्या खांबावर बोट ठेवलं. “म्हणजे सेल वाईट नाही,” ती हळूच म्हणाली. “त्याची आंघोळ वाईट आहे.”

“तेच तर सांगत होते! तू ऐकायला थांबलीस कुठे?”

“मग तेल घालायचंच नाही. कण पाण्यातच बनवते.”

बोलायला सोपं होतं. पाण्यात कणांचे गठ्ठे व्हायचे, नासलेल्या दुधासारखे. धाकटी क्षार बदलून बघे, तापमान बदलून बघे, आणि दर खेपेला नवी कृती खाली ताईकडे पाठवी. ताई लगेच कळवी, “ह्यात द्रावक गेला, पण वीज वाढली,” किंवा “हा क्षार नको, सांडपाण्यात जाईल.” वरच्या मजल्यावरची आदळआपट खालपर्यंत ऐकू येई. पण अबोला संपला होता. आता दोघी जेवतानाही क्षारांवरच वाद घालत, आणि आई म्हणे, “त्यापेक्षा मिठाचं बरं होतं.”

मग एका दुपारी धाकटी बाटली घेऊन धावतच खाली आली. आत काळीभोर शाई, एकही गठ्ठा नाही. त्या शाईचा सेल उच्चांकाच्या जरासा खाली राहिला. प्रमुखांचा चेहरा पडला. पण ताईचा नवा ताळा आला तेव्हा तेही खुर्चीत सरसावून बसले. बनवण्याची सगळी ऊर्जा हा सेल एका वर्षाच्या आत फेडत होता, आणि बनवण्याचा खर्चही निम्म्याहून खाली आला होता.

“एक राहिलं,” ताई म्हणाली. “फुटल्यावर काय? पावसात तांबं झिरपलं तर? मला फोडायला सेल हवेत. तुझे सगळ्यात चांगले.”

धाकटीने ते आणले, जाड कापडात गुंडाळले, आणि ताईने हातोडी उचलताच म्हणाली, “दे इकडे. माझे आहेत, मीच फोडते.” पहिल्या घावाला तिने डोळे मिटले. पुढचे घाव उघड्या डोळ्यांनी घातले.

तो चुरा पावसासारख्या, जरा आंबट केलेल्या पाण्यात घुसळत ठेवला. पाणी तपासून आलं. तांबं ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी खाली होतं.

पुढे ढकललेल्या भेटीला अखेर मालकीणबाई आल्या. बाई मोठ्या खमक्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “पण तुमचा उच्चांक तर गेला,” त्या म्हणाल्या.

प्रमुख काही बोलणार, तेवढ्यात धाकटीच उठली. “गेला. मीच घालवला. तो सेल भिंतीवर शोभला असता, हा छपरावर शोभेल. हिशेब ताईला विचारा, ती माझीसुद्धा गय करत नाही.”

ताईने सगळं सांगितलं, चुऱ्यासकट. मालकीणबाईंनी आडवेतिडवे प्रश्न विचारले, आणि ताई एकाही प्रश्नावर अडली नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढला. “पॅनेल विकायला पुष्कळ जण येतात. त्याचा चुरा घेऊन कुणी आलं नव्हतं. माझ्या कारखान्यात पॅनेल जोडायची एक अख्खी रांग आता तुमच्या सेलसाठी.”

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्यातून निघालेली पहिली पॅनेलं प्रयोगशाळेच्याच गच्चीवर चढली. आईलाही आणलं होतं. ती हाताने उन्हाला आडोसा करून बघत होती. तंत्रज्ञाने कळ दाबली आणि मीटरवरचा आकडा शून्यावरून उठला, वाढला, वाढतच गेला. धाकटीने ताईला कडकडून मिठी मारली आणि दोघी अशा ओरडल्या, की खालच्या मजल्यांवरची माणसं काम टाकून जिन्याने वर धावली.