सरावाचं पेन

शाळेत ‘बाई’ म्हणायचं आणि घरी ‘मावशी’, असा चिमीचा आणि तिच्या मावशीचा पक्का करार होता. चिमी तो कधी विसरली नाही. मावशीच भर वर्गात ‘सोन्या’ म्हणून जायची आणि पोरगी लाजून चूर व्हायची.

चिमीला गांधीलमाशीचं वावडं होतं. साधंसुधं नव्हे, जिवावर बेतणारं. मागे एकदा चावली तेव्हा तिच्या आईनं, म्हणजे मावशीच्या थोरल्या ताईनं, इंजेक्शनचं पेन मांडीत खुपसून तिला वाचवलं होतं. सुई शिरली तशी पोरीनं किंकाळी फोडून घर डोक्यावर घेतलं होतं. त्यानंतर ताईनं शाळेत दोन पेनं आणून दिली. एक खरं. दुसरं शिकण्यापुरतं, दिसायला जवळपास तसंच, पण आत ना सुई ना औषध.

आता मावशीचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट अंगावर घेतली की तिचा पिच्छा पुरवायचा. खरं पेन कुणी उगाच हाताळून वाया घालवू नये म्हणून तिनं ते ऑफिसच्या कपाटात ठेवलं. सरावाचं मात्र सदा तिच्या पर्समध्ये. मधल्या सुट्टीत जो तावडीत सापडेल त्याला ती धरायची. “टोपण काढा, मांडीवर दाबा, आकडे मोजा, मग चोळा!” खेळाचे सर तर तिला बघताच मांडी झाकून पळायचे. “बाई, माझी मांडी म्हणजे काय टाचणीची उशी आहे का हो?” सगळे हसायचे. पण शिकले, सगळेच्या सगळे शिकले! झोपेतून उठवलं तरी करून दाखवतील इतके.

आणि त्या दिवशी मैदानाच्या कडेला चिमीला गांधीलमाशी चावली.

ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. मावशीचा हात डगमगला नाही. तो आपोआप पर्समध्ये गेला. टोपण काढलं, मांडीवर दाबलं, मोजलं, चोळलं. अगदी शिकवल्याबरहुकूम.

“मावशी,” करार मोडून चिमी म्हणाली, “टोचलं नाही.”

“शहाणी गं माझी बाय ती! किती धीराची!” मावशीनं तिला मांडीवर घेतलं. खेळाच्या सरांनी तेवढ्यात दवाखान्याच्या गाडीला फोन केला होता. त्यांनी विचारलं, “बाई, कपाटातलं आणू का?” तर हिनं नको म्हणून मान हलवली. “दिलंय की आत्ताच. आता गाडी येईपर्यंत हिला हलवायचं नाही.” आणि ती वाट बघत बसली. आता गुण येईल, मग येईल. अरे देवा, काय त्या बाईचा विश्वास म्हणावा! पोरीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि ही तिच्या केसांवरून हात फिरवत होती.

गाडीतल्या डॉक्टरनं आधी पेन मागितलं. उलटसुलट करून बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, “हे सरावाचं आहे, बाई.” मग त्यानं धावपळ करून खरं औषध दिलं. पण तोवर फार उशीर झाला होता. पेन त्यानं मावशीच्या हातात परत दिलं, तिनं ते पर्समध्ये टाकलं. दुसरं काय करायचं, ते तिला सुचलं नाही.

ताई पोहोचली तेव्हा चिमी गेलेली होती. दवाखान्याच्या बाकावर दोघी बहिणी एकमेकींना धरून बसल्या. ताई रडली, थांबली, पुन्हा रडली. मग मावशीचा हात कुरवाळत म्हणाली, “तू होतीस गं तिथे. तू सगळं केलंस. नाहीतर मी कुणाला दोष देत बसले असते.” मावशीनं दुसऱ्या हातानं पर्स जवळ ओढली.

“शेवटी काही बोलली का गं ती?”

खोटं सांगता आलं असतं. आईची आठवण काढली म्हणता आलं असतं.

“मला मावशी म्हणाली,” मावशी म्हणाली. “आणि म्हणाली, टोचलं नाही.”

“धीराची गं माझी पोर...” म्हणता म्हणता ताई थबकली. मागे सुई शिरली तेव्हाची ती किंकाळी तिनं स्वतःच्या कानांनी ऐकली होती. मावशीच्या हातावरचा तिचा हात हळूहळू सुटला आणि नजर पर्सवर गेली.

“पर्स उघड,” ताई म्हणाली.